‘गेल्या’ एवढंच म्हणाला पंजाब

सुमनबाई आज सकाळी वारल्या. मतदानाला सहा दिवस बाकी असताना.

पंजाबनं फोन करून कळवलं. दर्यापुरात बाईंच्या घरासमोर त्याचं पंक्चरचं दुकान आहे. शाळेत तो बाईंचा विद्यार्थी. मीही.

"दादा, आपल्या सुमनबाई आज सकाळी सव्वासहा वाजता घरीच वारल्या."

पूर्ण वाक्य.

बाईंनी आम्हाला जन्मभर तेच शिकवलं. उत्तर पूर्ण वाक्यात द्या.

दिवाळीआधी बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अमरावतीला, राजापेठेत लेकीकडे होत्या. घराला कुलूप. मतदारयादी तपासणाऱ्या माणसानं पंजाबला विचारलं, "इथल्या मॅडम?"

पंजाबचं डोकं टायरमध्ये. म्हणाला, "गेल्या."

त्या माणसानं लिहिलं, 'मयत'.

नगरपालिकेची निवडणूक लागली तेव्हा कळलं, यादीत नाव नाही. दुरुस्तीची मुदतही संपलेली.

"गेल्या कुठी, हे काहून नाई सांगतलं बे? जित्तेपणी मारलं ना मले!"

"बाई, गिऱ्हाईक होतं समोर..."

"ना कर्ता, ना ठिकाण. आताबी नापासच हायेस तू."

हसल्या. पण लागलं होतं त्यांना. नोकरीत असताना दर इलेक्शनला ड्यूटी करून त्यांनी कितीतरी बोटांना शाई लावली होती.

म्हणून त्या कोर्टात गेल्या. पंजाबनं प्रतिज्ञापत्र दिलं.

पहिला निकाल विरोधात. यादी अंतिम झाली, आता बदल नाही.

परवा वरच्या कोर्टानं तो फिरवला. नोटीस न देता काढलेली नावं मतदानाआधी यादीत परत घ्या.

मी अकोल्यात पेपरच्या डेस्कवरून बातमी सोडली आणि बाईंना फोन लावला. सवयीनं दोन ओळींत सांगायला लागलो.

"सार नको सांगू. निकाल वाच. पूर्ण."

वाचला.

मग म्हणाल्या, "म्हणजे मी हाओ."

सोमवारी पुरवणी यादी लागेल. तीत बाईंचं नाव आहे, तहसीलमधून आज दुपारी दुजोरा मिळाला.

मतदानाच्या दिवशी त्या नावापुढे सही होणार नाही. नंतर नाव पुन्हा काढलं जाईल.

अर्ज पंजाबच भरणार आहे.

विचारत होता, "दादा, कारणाच्या रकान्यात पूर्ण वाक्य मावते का?"

निरोप घेतो, बाई.