पायरीखालचा रुकार

“तिथंच थांब. वर येऊ नकोस. पत्र दगडावर ठेव.”

पंचवटीतल्या एका गल्लीतला म्हातारा रोज मला हेच सांगायचा. मी पोस्टमन. अंगावर सरकारी खाकी कोट, खांद्याला सरकारी पिशवी. पण गल्लीला दिसायची ती माझी जात. मी पत्र दारापुढच्या दगडावर ठेवायचो आणि मागे सरायचो. मग तो तांब्यातलं पाणी पत्रावर शिंपडायचा. पत्र शुद्ध व्हायचं. शाई पसरली तर पसरली.

एकदा त्याच्या मुलाचं पत्र आलं. त्या दिवशी म्हाताऱ्याने जरा जास्तच पाणी ओतलं. सगळी अक्षरं वाहून गेली. त्याने सरळ कचेरीत तक्रार केली की पोस्टमन पत्रं भिजवून आणतो. भर उन्हाळा. मी पत्र कुठे भिजवलं असेल, हे पोस्टमास्तरांनी विचारलं नाही. आमच्या युनियनचे सेक्रेटरी माझी बाजू मांडायला म्हणून आले होते. तेही विचारेनात. लांबूनच म्हणाले, “माफी माग आणि मिटव. आपल्यापुढे मोठी कामं आहेत.”

सगळ्या कचेरीसमोर मला माफी मागायला लावली. त्या दिवशी घरी भाकरी तशीच ठेवून उठलो. बायकोने विचारलं, तिच्यावरच खेकसलो.

मोठी कामं म्हणजे टपाल खात्याशी करार. आजारपणात पगारी रजा आणि म्हातारपणी हलकं काम मिळणार होतं. मात्र वरच्या साहेबाची अट होती. रुकार सगळ्यांचा हवा. एकही माणूस फुटला तर करार नाही. हे सगळं चांगलंच होतं. किसनमामाला तर ते हवंच होतं. किसनमामा आमच्याच वस्तीतला. मनमाडकडून गाडी आली की टपालाच्या थैल्या तो पाठीवर वाहायचा. वाहून वाहून पाठ धनुकलीसारखी वाकली होती. आमची सगळी माणसं थैल्याच वाहायची. माझे वडील पलटणीत वाचायला शिकले, त्यांनी मला शिकवलं, म्हणून एकटा मी पत्रं वाटायचो.

सभेच्या आधी सेक्रेटरी चक्क आमच्या वस्तीत आले. माझ्या दारातल्या बाजेवर बसले. “घरी सगळं ठीक ना?” म्हणाले. नोकरी लागल्यापासून या माणसाने मला माझ्या बायकापोरांबद्दल कधी विचारलं नव्हतं. बायकोने चहा दिला. ते कप हातात धरून गोड गोड बोलत राहिले. गेले तेव्हा कप भरलेलाच होता, वर साय धरली होती. बायको म्हणाली, “ह्यो मानूस काहीतरी घ्यायला आला व्हता. बघा, काय नेतोय ते.”

मलाही तोच वास येत होता.

रविवारी सभा भरली, नदीकाठच्या एका धर्मशाळेत. बाकीचे आत सतरंजीवर. आम्ही बाहेर, पायरीखाली, उन्हात. आमच्या युनियनची एक रीत होती. लग्न ठरवताना सुपारी घेतात, तशीच ठरावाला सुपारी. आत ताट फिरायचं. मान्य असेल त्याने सुपारी उचलायची, मान्य नसेल त्याने हात आवरायचा. ताट आमच्यापर्यंत आलं तर बाटलं असतं. म्हणून सेक्रेटरी पायरीवर उभे राहून वरून सुपारी टाकायचे. आम्ही उपरणं पसरायचं. उपरण्यात सुपारी पडली की आमचा रुकार झाला. नाही म्हणायची सोय फक्त आत होती. इतकी वर्षं आम्ही उपरणं पसरत होतो आणि हे आमच्या ध्यानातही आलं नव्हतं.

सेक्रेटरींनी कलमं वाचली. रजेचं कलम सावकाश वाचलं, टाळ्या घेतल्या. शेवटचं मात्र भरभर उरकलं.

“वाटपाच्या गल्ल्या आणि माणसांच्या नेमणुका जुन्या वहिवाटीप्रमाणे राहतील.”

मी पायरीखालूनच विचारलं, “साहेब, कोणती वहिवाट?”

“अरे, आहे तसंच सगळं. तुला काय करायचंय?”

आहे तसं? या कचेरीत माझ्याआधी आमच्यातल्या कोणी पत्रं वाटली नव्हती. जुनी वहिवाट म्हणजे आमच्या पाठीवर थैली. देवळात शिरू द्या म्हणून आमची माणसं दारात सत्याग्रहाला बसली तेव्हापासून गल्ल्या चवताळल्या होत्या. माझ्या हातचं टपाल नको, असे अर्ज गेल्याची कुजबुज होती. ती कुजबुज आता कलम होऊन आली होती. किसनमामाच्या रजेला बांधून. म्हणजे मी आडवा आलो तर आपल्याच म्हाताऱ्याच्या पोटावर पाय देणारा ठरणार. डाव बघा केवढा!

ताट आत फिरलं. एकूण एक हाताने सुपारी उचलली. मग सेक्रेटरी पायरीवर आले.

किसनमामा हळूच म्हणाला, “पोरा, पसर उपरनं. माझी पाठ लय दुखती रं.”

या माणसाने मला लहानपणी खांद्यावर बसवून हिंडवलं होतं. पण मी उपरणं गळ्याभोवती गुंडाळलं आणि हात मागे बांधले. सुपारी छातीवर आपटली आणि धुळीत पडली.

“उचल,” सेक्रेटरी म्हणाले.

“नाही.”

“एका माणसासाठी सगळ्यांची रजा घालवतोस? लाज नाही वाटत?”

“रजेला माझी हरकत नाही. शेवटचं कलम काढा.”

“ते निघणार नाही.”

“मग रुकारही नाही.”

आत गलका झाला. कोणी शिवी हासडली. कोणी म्हणालं, हाकलून द्या याला. किसनमामा उन्हात तसाच बसून होता. त्याने विचारलं, “सायेब, त्या कलमानं ह्याला थैल्या वाहाया लावनार का?”

सेक्रेटरींनी कलमांचा कागद घडी करून खिशात घातला.

किसनमामाने पसरलेलं उपरणं ओढून घेतलं, झटकलं आणि खांद्यावर टाकलं. त्याच्या शेजारच्यानेही तेच केलं.

त्या दिवशी करार झाला नाही. रजा कोणालाच मिळाली नाही, किसनमामालाही नाही. दुसऱ्या दिवशी तो थैली उचलताना मी पाहिला आणि मला रडू आलं. कचेरीत माझ्याशी कोणी बोलेना. आजही काही जण सांगतात, एका महारापायी सगळ्यांचं वाटोळं झालं.

सांगू द्या. तो करार पुन्हा येईल, गोड बोलून येईल, कोणाच्या तरी दुखण्याला बांधून येईल. मी प्रत्येक कलम वाचायला लावीन. शेवटचं दोनदा. आणि रुकार द्यायचा झालाच, तर पायरी चढून आत जाईन आणि ताटातली सुपारी माझ्या हाताने उचलीन. ताट बाटलं तर बाटू दे.