चीफसाब आणि सायलीची मुलाखत

चीफसाब समोरच्याचं बोलणं डोळे मिटून ऐकायचे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, म्हाताऱ्याला डुलकी लागली. मग बोलणारा कुठेतरी अडखळला की एक डोळा हळूच उघडायचा. उमर जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस. "इंजिनात खोट कुठं हाय ते बघून नाय कळत, ऐकून कळतं," असं ते म्हणत. माणसांनाही त्यांनी तोच न्याय लावला होता.

मूळचे ते दाभोळच्या खाडीकाठचे. जहाजावर चीफ इंजिनिअर होते, म्हणून सगळे चीफसाब म्हणत. जहाज सोडल्यावर आखातातल्या फुजैराच्या बंदरात तेलाच्या तपासणीचं काम धरलं आणि तिथेच राहिले. तरुणपणी स्कॉलरशिप मिळवून अमेरिकेतल्या एका कॉलेजात शिकले होते. त्या कॉलेजात अर्ज करणाऱ्या आखातातल्या मुलांच्या मुलाखती तिथले जुने विद्यार्थी घेतात. चीफसाब ते काम वर्षानुवर्षं बिनपैशाने करत होते. आमची ओळख त्यातूनच झाली. ओळख कसली, मी त्यांच्यापुढे पकडला गेलो.

आखातातच, अल मनखूलमध्ये माझं छोटं केटरिंग आहे. माझी मुलगी सायली तेव्हा बारावीत होती. कॉलेजच्या अर्जात मुलाखतीपुढे एकच शब्द होता, ऑप्शनल. त्या शब्दाने आमच्या घरातली शांतता घालवली. शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, "ऑप्शनल म्हणजे द्यायचीच असं समजा." माझी बायको मेधा म्हणाली, "नाही दिली तर घाबरली म्हणतील, आणि दिली आणि बिघडली तर?" अर्ज भरून देणारा आमचा कन्सल्टंट मात्र ऐकायलाच तयार नव्हता. "खलास सर, इंटरव्यू छोड दो. एस्से इतना स्ट्राँग है, रिस्क क्यों लेना?"

तो का घाबरत होता, ते मला पक्कं ठाऊक होतं. निबंध त्याने लिहिला होता.

आधी सायलीने स्वतः एक लिहिला होता, तिच्या आजोबांवर. माझे वडील गुहागरकडे पोस्टमन होते. कन्सल्टंट म्हणाला, पोस्टमन में क्या है? आणि त्याने वडिलांना कोळी करून टाकलं. नव्या निबंधात छोटी सायली दर सुट्टीत आजोबांच्या होडीतून समुद्रात जाते, वादळात सापडते आणि धीर म्हणजे काय ते शिकते. वाचून सायली म्हणाली, "बाबा, धिस इज नॉट मी." मी म्हणालो, "अगं, सगळे असंच करतात. पाठवून दे." हे वाक्य कन्सल्टंटचं नव्हतं, माझं होतं. असे सात अर्ज गेले.

मुलाखत द्यायचं सायलीनेच ठरवलं. "त्यात एक तरी गोष्ट माझी असू दे," असं काहीसं ती इंग्रजीत म्हणाली आणि चीफसाबांना परस्पर होकार कळवून मोकळी झाली.

चीफसाबांचे मुलाखतीचे नियम ठरलेले होते. मूल एकटं यायचं नाही. बंद खोलीत बसायचं नाही. आईबाप दिसतील असे, पण वेगळ्या टेबलावर. आणि चहाचे पैसे चीफसाबच देणार. मुलाच्या घरचा ते पाण्याचा घोटसुद्धा घेत नसत. आम्ही शनिवारी सकाळी डोंगरातल्या रस्त्याने फुजैराला निघालो. समुद्रालगतच्या कॉर्निश रस्त्यासमोरच्या हॉटेलच्या लॉबीत ते आधीच येऊन बसले होते. पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि समोर एक कोरा कागद. काचेतून बाहेर नांगर टाकलेली जहाजं दिसत होती.

मी आणि मेधा दोन टेबलं सोडून बसलो. शब्दन् शब्द ऐकू येत होता.

सुरुवात छान झाली. आवडता विषय, शाळा, पुस्तकं. सायली मोकळी झाली. मग त्यांनी विचारलं, "तुझ्यावर सगळ्यात जास्त छाप कोणाची?" ती म्हणाली, "आजोबांची," आणि तिच्याही नकळत तो पाठ झालेला निबंध सुरू झाला. होडी, लाटा, वादळ. चीफसाबांचे डोळे मिटलेले. मी टेबलाची कड धरून बसलो होतो.

एक डोळा उघडला.

"हे कोणत्या महिन्यात, बेटी?"

"जुलैमध्ये. वी गो होम एव्हरी जुलै."

आणि माझ्या लख्ख ध्यानात आलं. आखातातल्या शाळांना सुट्टी जुलै-ऑगस्टची. ऐन पावसात कोकणातल्या होड्या किनाऱ्यावर ओढून, झावळ्यांनी शाकारून ठेवलेल्या असतात. समुद्रात कोणी जात नाही. हे दाभोळच्या माणसाला कोणी सांगायला नको होतं. मलाही सांगायला नको होतं, पण पाठवताना मी ते नीट वाचलंच नव्हतं.

मी खुर्चीतून अर्धा उठलो. काय बोलणार होतो, कुणास ठाऊक. चीफसाबांनी माझ्याकडे न बघता तळहात वर केला. मी बसलो.

सायलीचा चेहरा पांढरा पडला होता. तिने पाण्याचा ग्लास बाजूला सारला. मग म्हणाली, आणि या वेळी मराठीत, "अंकल, माझे आजोबा कोळी नव्हते. पोस्टमन होते. तो निबंध मी लिहिलेला नाही."

कोणी लिहिला, हा पुढचा प्रश्न येणार अशी मला खात्री होती. तो आला नाही. चीफसाबांनी पुन्हा डोळे मिटले. "पोस्टमन होते? मग पोस्टमनाचं सांग, गो."

ती सांगू लागली. आजोबा सायकलवरून किती गावं करायचे. आखातातून आलेली पत्रं बायकांना दारात उभं राहून कशी वाचून दाखवायचे. वाईट बातमी असली तर आधी पाणी मागायचे, म्हणजे ती बाई आत जाऊन येईपर्यंत आपला आवाज सावरता येई. हे तिला तिच्या आजीने सांगितलं होतं. मला ते ठाऊकच नव्हतं. मुलाखतीची ठरलेली वेळ कधीच संपून गेली होती.

निघताना मी विचारलं, "साहेब, आता काय लिहिणार तुम्ही?"

"जे ऐकलं ते."

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी घरी न सांगता मी एकटाच फुजैराला गेलो, सोबत चकल्या-करंज्यांचा डबा घेऊन. चीफसाबांनी घरात बसवलं, पण डब्याला हात लावला नाही. मी हात जोडले. खरंतर पायच धरायला वाकलो होतो, त्यांनी खांदे धरून वर केलं.

"साहेब, मुलाखत ऑप्शनल होती ना? ती झालीच नाही असं समजा. रिपोर्ट पाठवू नका. चूक माझी आहे, पोरीचं वाटोळं होईल."

"भाऊ," ते म्हणाले, "द्यायची की नाय, हे तुमच्या हातात होतं. झाल्यावर ती ऑप्शनल ऱ्हात नाय." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही इथं आलाय, हे पोरीला ठाऊक हाय?"

"नाही."

"तिला काय हवंय, ते विचारलंत?"

मी तेही विचारलं नव्हतं. डबा तसाच घेऊन परत आलो.

घरी पोचलो तर सायली लॅपटॉपसमोर बसली होती. मेधा शेजारी, डोळे सुजलेले. सायलीने सातही कॉलेजांना कळवलं होतं, की आधीचा निबंध तिचा नाही. सोबत पोस्टमन आजोबांवरचा तिचा निबंध जोडला होता. "आय हॅव सेंट इट, बाबा," ती म्हणाली. माझी परवानगी तिने मागितली नव्हती.

पुढचे महिने कसे गेले ते आमचं आम्हाला ठाऊक. ईमेलचा आवाज झाला की मेधा ओट्यापाशी थबकायची. चार कॉलेजांनी अर्ज रद्द केला. आणखी दोन कॉलेजांनी उत्तरच दिलं नाही. चीफसाबांच्या कॉलेजाचा नकार सगळ्यात शेवटी आला, दोन ओळींचा. मी त्या रात्री चीफसाबांवर मनातल्या मनात फार राग काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावरची बेल वाजली. फुजैराहून चीफसाब आले होते. सायलीसमोर बसून म्हणाले, "कळलं मला. वाईट वाटलं." मेधाने भीत भीत जेवायचं विचारलं. "आता ही माझी उमेदवार नाय. आता जेवीन," म्हणाले, आणि आमटीभात दोनदा मागून घेतला. सायली त्या दिवशी त्यांच्यासमोर रडली. माझ्यासमोर रडली नव्हती.

ती त्या वर्षी घरीच राहिली. पुढच्या वर्षी नव्याने अर्ज केले, आणि कॅनडातल्या एका लहानशा कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. तिथून ती चीफसाबांना दर रविवारी फोन करायची. आम्हाला जे सांगायची नाही, ते त्यांना सांगायची. मुलाखती व्हिडिओवर सुरू झाल्या, तेव्हा चीफसाबांनी ते काम सोडलं. "स्क्रीनवर डोळे मिटले की पोरांना वाटतं, नेट गेलं," म्हणाले. मग नोकरी संपली आणि ते गावी गेले. सामान बांधायच्या दिवशी सायली सुट्टीवर आली होती. तिने त्यांना सरळच विचारलं, "अंकल, मला घेतील असं वाटलं होतं तुम्हाला?"

"नाय," ते म्हणाले. "पण तू बोलत होतीस, आणि मला उठावंसं वाटेना."

गेल्या वर्षी ते वारले. मी आणि सायली जुलैमध्ये दाभोळला गेलो. भाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, चहा दिला, चीफसाबांची खोली दाखवली. सायलीबद्दल भाभींना सगळं ठाऊक होतं, परीक्षेचे मार्कसुद्धा. मी फुजैराला त्यांच्या घरी डबा घेऊन गेलो होतो, तेव्हा भाभींनीच दार उघडलं होतं. आता त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चहात साखर किती, एवढंच विचारलं.

परतताना गाडी मी चालवत होतो. फेरीबोटीच्या रांगेत थांबलो असताना मी सायलीला सांगून टाकलं. तुझ्या मुलाखतीनंतर मी एकटा त्यांच्याकडे गेलो होतो. रिपोर्ट दडपा म्हणून हात जोडले होते. पाय धरायला वाकलो होतो.

तिने काचेवरची वाफ बोटाने पुसली.

"इतकी वर्षं दर रविवारी बोलायचो आम्ही," ती म्हणाली. "हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही."

"नाही," मी म्हणालो. "ते मी सांगायचं होतं."