ठराव गुलाबाचा, जागा सावलीची

झाडाझुडपांतलं मला काही कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. मला पत्रक लिहिता येतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून तेच करत आलेय: एक कागद, मथळा ठळक, शेवटी उद्गारचिन्ह. पाण्याच्या वेळेवर लिहिलं, तुंबलेल्या गटारावर लिहिलं. अभ्यासिकेतल्या बंद पंख्यांवर चार वेळा लिहिलं, तेव्हा कुठे पंखे फिरले. त्यामुळे पत्रक काढून सभा घेतली की जगातली कुठलीही गोष्ट सुटते, असा माझा पक्का समज होता. कडुलिंबाखालच्या त्या पट्ट्यानं तो पार मोडला.

सोलापुरात आमच्या वस्तीतली अभ्यासिका विहाराला लागून आहे. तिच्या मागे एक लांबट पट्टा. एका अंगाला अभ्यासिकेची भिंत, दुसऱ्या अंगाला तीन मजली इमारत, मधोमध जुना कडुलिंब. तिथं जवळजवळ दिवसभर सावली असते. दुपारी बारानंतर पत्र्याखालच्या एका खोलीत बसून बघा, म्हणजे या सावलीची किंमत कळेल. गल्लीतल्या आठ-नऊ बाया मांडीवर सूप घेऊन तिथं बिड्या वळायला बसतात. त्यांच्यातली सगळ्यांत जुनी अक्का. घरी तेलुगू बोलते, आमच्याशी मराठी, आणि दोन्हीत सारखीच फटकळ.

गेल्या वर्षी जूनच्या शेवटी वस्तीच्या समितीच्या बैठकीत अध्यक्षकाकांनी जाहीर केलं, "मागच्या जागेत सिमेंटचे ब्लॉक बसवायचे. दुचाक्या लावायला. गाड्या लई तापतात ओ पुढं उन्हात."

"आणि बाया?" मी विचारलं.

"बाया बसतील की कुटं बी. तितं गवत बी उगवत न्हाय. मोकळीच पडलीय जागा."

मोकळी! नऊ बाया रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत जिथं काम करतात ती जागा मोकळी! माझं डोकंच सटकलं.

"बाग असती तर हात लावला असता का?"

"बाग असती तर गोष्ट येगळी. कर की तू बाग! म्हापालिकेचे इंजिनिअर साहेब दिवाळी झाल्यावर जागा बघायला येणार हायती. तवर उगवून दाखव. न्हाय उगवलं तर ब्लॉक."

सगळे हसले. मी संध्याकाळच्या आत पत्रक काढलं. मथळा अजून पाठ आहे: "सावली गाड्यांना, चटके बायांना?" मग बाग कशी करायची हे ठरवायला सभा बोलावली, कारण आमच्यात काहीही ठरवायचं तर सभाच. कुठली झाडं लावायची, यावर मी चक्क मतदान घेतलं. हात वर करून. गुलाब पहिला आला, जास्वंद दुसरी, शेवंती तिसरी. टाळ्या वाजल्या. मी ठराव लिहून काढला, खाली सह्या घेतल्या.

अक्कानं हात वर केला नव्हता. तिनं फक्त एक प्रश्न विचारला, "ऊन कुटंय हितं?"

आणि मी, लाज वाटते सांगायला, मी म्हणाले, "अक्का, विषय सोडून बोलू नका. आता झाडांचं चाललंय."

अक्कलकोट रस्त्यावरच्या नर्सरीतून रोपं आणली. लावली, पाणी घातलं, फोटो काढले. पहिला आठवडा सगळं झकास! मग गुलाबांना हळूहळू वेड लागल्यासारखं झालं. एकेक फांदी सुतळीसारखी बारीक होऊन उजेडाच्या दिशेनं लांबत गेली. कळ्या आल्या त्या काळ्या पडून गळाल्या. जास्वंदीला नुसती पानं, तीही फिकट. शेवंती तर बुडातून सडली. ऑगस्ट संपेपर्यंत आमच्या ठरावातलं एकही फूल उमललं नव्हतं आणि अध्यक्षकाका येता-जाता विचारायचे, "काय म्हनतंय गार्डन?"

यावर शहाण्या माणसानं काय केलं असतं ते मला माहीत नाही. मी पत्रक काढलं. "सडकी रोपं विकणाऱ्यांचा निषेध असो!" ते घेऊन तडक नर्सरीत गेले आणि मालकाच्या हातात ठेवलं. हा माणूस मूळ मैंदर्गीकडचा, कन्नड वळणाचं मराठी बोलणारा. त्यानं चष्मा लावून अख्खं पत्रक वाचलं, घडी घातली आणि शांतपणे म्हणाला, "छान लिहिलाय. पण ताई, मी त्या दिवशी विचारलो की नाही तुमाला, ऊन किती तास पडतंय म्हणून? तुमी काय म्हणला?"

मला आठवलं. मी म्हणाले होते, "आमचा ठराव झालाय."

"ठराव झालाय म्हणल्यावर मी काय बोलणार?" तो म्हणाला. "गुलाबाला पाच-सहा तास सरळ ऊन पायजे. सावलीत येणारी झुडपं वेगळी असतात. आधी ऊन मोजून या जावा. मग मी रोप देतो, ती मेली तर पुन्हा पत्रक काढा, मी स्वतः वाटतो."

पत्रकाच्या उरलेल्या प्रती तिथंच फाडल्या. माफी मागितली, तीही उभ्या-उभ्या, नाक वर ठेवून. परत येताना रिक्षात रडू येत होतं. दिवाळीला जेमतेम दोन महिने राहिले होते. बायांची जागा जाणार होती, आणि ती माझ्या अडाणीपणामुळे जाणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन मागच्या पट्ट्यात उन्हाची वाट बघत बसले. अक्का म्हणाली, "काय करतीस गं?"

"ऊन मोजतेय."

"त्याला वही कशाला?" ती कात्रीनं पान कापता-कापता बोलत होती. "ते पूर्वेकडचं टोक हाय ना, तितं सकाळी बारा कट्टे ऊन असतंय. लिंबाखाली कवडसेच, सरळ ऊन न्हाय, पण उजेड भरपूर. आन् त्या मोठ्या बिल्डिंगच्या कोपऱ्यात दोन कट्टे. तेवढंच. मग दिवसभर न्हाय."

कट्टा म्हणजे पंचवीस बिड्यांचं बंडल. अक्काचा एक कट्टा साधारण पाव तासात होतो. ही बाई वर्षानुवर्षं त्या जागेत बसून, सूप उन्हापासून इंचाइंचानं सरकवत, सगळ्या पट्ट्याचं ऊन कट्ट्यांत मोजत आली होती! आणि मी तिला विषय सोडून बोलू नका म्हणाले होते! मी उठून नाचायचीच बाकी होते. इतर बायांना विचारलं तर त्यांच्यात वाद सुरू झाला. "बारा कुटलं गं, दहाच!" "तू हळू वळतीस म्हनून दहा!" "मी हळू? तुझ्या निम्म्या बिड्या तर कारखान्यात खराब म्हनून छाटात जातात!" पण टोक, लिंब, कोपरा, या तीन जागांवर सगळ्यांचं एकमत होतं. मी चुन्याच्या रेघा ओढून तीन भाग पाडले आणि दुपारी अक्कालाच रिक्षात घालून नर्सरीत नेलं.

तो दिवस मी विसरणार नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा झाडं बघितली, म्हणजे खरंच बघितली.

मालकानं विचारलं, "किती तास ऊन?" अक्का म्हणाली, "बारा कट्टे." तो बघतच राहिला. मग हिशेब कळल्यावर इतका खूश झाला की पुढं तो स्वतःच कट्ट्यांत बोलायला लागला. "बारा कट्टे म्हणजे सकाळचं तीन तास. कुंती घ्या, तगर घ्या. दोन्ही पांढरी फुलं, कुंतीला वास तर असा की गल्ली थांबेल." कोपऱ्यासाठी त्यानं अडुळसा काढला आणि छत्रीसारख्या पानांचं एक बुटकं झुडूप दाखवलं, शेफ्लेरा.

"याला फुलं?" मी विचारलं.

"फुलासाठी नाही हे. पानं बघा की."

मी म्हणाले, फूल न येणारं झाड लावून इंजिनिअरला काय दाखवायचं? अक्का कावली. "सगळ्यानीच फुलायला पायजे काय? अंधाऱ्या कोपऱ्यात हिरवं दिसतंय हे काय कमी हाय?" पानं खरंच सुंदर होती. चकचकीत, पिवळ्या शिंतोड्यांची, काळोख्या कोपऱ्यात दिवा ठेवल्यासारखी.

आणि कडुलिंबाखालसाठी अक्कानं कुणालाच विचारलं नाही. ती सरळ नर्सरीच्या मागे, हिरव्या जाळीखाली गेली आणि ओरडली, "कनकांबरम!" बघते तर अबोली. केशरी अबोलीच्या रांगाच्या रांगा, सगळ्या जाळीच्या सावलीत, सगळ्या फुललेल्या! तिच्या आईच्या दारात, दोन भिंतींच्या मधल्या बोळात ही झाडं होती म्हणे, आणि घरातल्या पोरींच्या वेण्या बाराही महिने त्यावर निघायच्या. मतदानात अबोलीचं नावसुद्धा कुणी घेतलं नव्हतं. मी तर घेतलं नव्हतंच.

लावतानाही चूक करत होते. लिंबाखालच्या मातीतलं पाणी त्याची मुळं शोषून घेतात, वरून पाणी घातलं तरी दोन दिवसांत भुगा. नर्सरीवाल्यानं सांगितलं होतं, खड्डा मोठा घ्या, शेणखत घाला, बुडाशी काहीतरी पसरून ओल धरून ठेवा. काय पसरायचं? पालापाचोळा आणायला निघाले तर बाया हसल्या. बिडीचं पान कापल्यावर उरलेली कात्रणं रोज पोतंभर निघतात. ती इतके दिवस कचरागाडीत जात होती. आता ती झुडपांच्या बुडाशी पडायला लागली. काम संपलं की प्रत्येक बाई उठताना आपलं सूप आपल्या झुडपाशी झटकायची, तंबाखूचं नाही, कात्रणांचं. आठवड्यात माती बोटाला गार लागायला लागली. मी रोज सकाळी जाऊन बोट खुपसून बघायचे. अडुळशाला नवीन पान आलं त्या दिवशी मी समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्याचे अकरा फोटो टाकले. अध्यक्षकाकांनी लिहिलं, "एक पुरे."

दिवाळीनंतरच्या आठवड्यात इंजिनिअर आले. सोबत अध्यक्षकाका, हातात टेप. मी चार पानी भाषण पाठ केलं होतं. पहिलं वाक्य तोंडातून निघालं तशी अक्का म्हणाली, "गप बस की. साहेबाला बघू दे."

साहेबांनी टेप लावायचा प्रयत्न केला. सरळ लागेना. मधे तगर, मग अबोलीची रांग, मधे बाया, त्यांच्या मांडीवर भरलेली सुपं. ते वाट काढत, वाकत, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

"ब्लॉक टाकायचे तर हे सगळं काढावं लागेल," ते म्हणाले.

अक्कानं बिडीला दोरा गुंडाळला, तोडला आणि मान वर केली.

"काढा की. पन हे उन्हात जगत न्हाय. ही झाडं आन् आमी, कुटं लावनार ते आधी सांगा."

साहेबांनी वर लिंबाकडे बघितलं. मग अध्यक्षकाकांना म्हणाले, "तुम्ही तर म्हणाला होता इथं काही उगवत नाही."

"तवा उगवत नव्हतं साहेब," काका म्हणाले.

साहेबांनी कागद अभ्यासिकेच्या भिंतीवर टेकवला आणि लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं, शिष्टाचार गेला खड्ड्यात: मागील बाजू बाग, ब्लॉक पुढील बाजूस.

मी एवढ्या जोरात ओरडले की अभ्यासिकेच्या खिडकीतून परीक्षेचा अभ्यास करणारी चार डोकी बाहेर आली आणि एकदम "शूऽऽ" म्हणाली. बाया हसून हसून सुपं सावरत होत्या. अक्कानं शेजारची कात्रणं हातानं बाजूला केली, जागा केली, आणि तिची जादा कात्री माझ्यापुढं धरली.

"ओरडत काय उभारलीस? बस हितं. पानं काप."