तहात चूक कुणाची लिहायची

अमेरिकेतल्या या बॉथेल गावच्या लायब्ररीत दर मंगळवारी सकाळी म्हाताऱ्यांचा इंग्रजीचा वर्ग असतो. आमची ही गेल्यावर मुलानं मला तिथं घातलं. मी चौथी पास, जन्म गेला एसटीच्या डेपोत नटबोल्टांवर पाने फिरवण्यात. या वयात मला कसलं इंग्रजी येणार? पण घरात तिच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत बसण्यापेक्षा बरं, म्हणून जातो.

त्या मंगळवारी बाईंनी खेळ मांडला. लढाई संपलीय. तीन दोस्त देश जिंकलेत, एक हरलाय. तिघांनी एकमतानं तह लिहायचा आणि हरलेल्यानं सही करायची. जिंकणाऱ्यांत मी, एक चिनी आजीबाई आणि नागपूरचे एक रिटायर डॉक्टर. डॉक्टरांचं इंग्रजी पक्कं, ते आम्हाला मदत करायला येतात. हरलेला देश म्हणून समोर व्हिएतनामचे एक आजोबा बसले, डोक्यावर लोकरीची टोपी.

पहिल्या ओळी पटापट झाल्या. लढाई बंद, कैदी घरी, नदी ही हद्द. मग मी म्हणालो, "आता हरलेल्याच्या तोंडी लिहा, सगळी चूक आमची होती."

डॉक्टरांनी ते आजीबाईंना सांगितलं. त्यांनी जोरात मान हलवली आणि दोन बोटं दाखवली. चूक दोघांची.

"नुकसान सगळ्यांचंच झालं, असं लिहू ना," डॉक्टर म्हणाले.

"ते काय लिहिणं झालं? मग जिंकलो कशाला?"

"काय बाप्पा, किती तापता! तुमची खरीच जमीन गेली का?"

"तोंडी कबुली कोण पाळतो? लिहून घ्या." मी टेबलावर हात आपटला. आजीबाई दचकल्या. शेवटी दोघं दमले आणि डॉक्टरांनी माझ्या मनासारखी ओळ लिहिली.

टोपीवाल्या आजोबांनी कागद वाचलासुद्धा नाही. सही केली, पेनाला टोपण लावलं आणि पेन दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. हे असं मुकाट्यानं कबूल करणं मी आधी पाहिलं होतं. आमच्याच परसात, हिच्या दहाव्याला, सूनबाईच्या तोंडावर.

त्या दिवशी कुंपणाच्या कडेला पिंड ठेवला होता. बॉथेलात कावळ्यांना तोटा नाही, संध्याकाळी आभाळ काळं होतं. पण कुंपणावर ओळीनं बसलेले कावळे अर्धा तास झाला तरी खाली उतरेनात. हिचा भाऊ गावाहून व्हिडिओवर होता. तो म्हणाला, "दाजी, अक्काचा जीव अडकलाय. ज्याची चूक त्यानं कबूल करावी, म्हणजे शिवेल."

मग काय म्हणायचं यावर आमची तिघांची बोलणी सुरू झाली. मेहुणा म्हणाला, "सुनेनं म्हणावं, माझ्या हलगर्जीपणानं तुम्ही गेलात."

मुलगा म्हणाला, "हलगर्जीपणा नको, मामा. आमच्याकडून उशीर झाला, एवढं पुरे."

त्यावर मी बोललो. मीच. "आमच्याकडून कशाला? तू ऑफिसात होतास. घरात तीच होती."

घरात मीपण होतो. हिच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा सूनबाईनं फोन हातात घेतला होता. "बाबा, मी अँब्युलन्स बोलावते." मीच खेकसलो, "भोंगा वाजवत सगळी गल्ली गोळा करतेस का? पित्त आहे. ओवा-मीठ आण." तिनं दोनदा विचारलं, दोनदा मी गप्प केलं. तिसऱ्यांदा तिनं मला न विचारता फोन लावला, तोवर तासभर गेला होता.

हे तिला माहीत आणि मला माहीत. तिनं माझ्याकडं बघितलं. मी पिंडाकडं बघितलं. ती पुढं झाली, हात जोडून म्हणाली, "आई, मी उशीर केला. माझी चूक झाली." आणि मागं सरली. लगेच कावळा उतरला. "बघा दाजी!" मेहुणा ओरडला. तो कावळा बहुतेक ती बाजूला झाली म्हणून आला. पण सगळ्यांनी साक्ष धरली, आणि मी धरू दिली. सहा महिने झाले त्याला.

वर्ग सुटल्यावर मुलगा न्यायला आला. गाडीतच सांगून टाकलं. त्याचं वळण चुकलं. गाडी मागं वळवत म्हणाला, "बाबा, मी तिला काय काय बोललोय, माहितीये?"

सूनबाई कानाला ऑफिसचं बोलायचं यंत्र लावून कामाला बसली होती. मी समोर उभा राहिलो. "पोरी, मी आज तुझ्या मामेसासऱ्यांना खरं सांगतो. तू फोन करत होतीस, मी अडवलं."

तिनं यंत्र काढलं. "मला काय सांगताय, बाबा? मी होते तिथं." मला वाटलं रडेल, नाहीतर बरं झालं म्हणेल. तसलं काही नाही. "मामांचं नंतर. आधी माझ्या आईला सांगा. ती तुम्हाला तोंड दाखवायला लाजते." यंत्र पुन्हा कानाला लावलं. "माझी मीटिंग आहे."

विहीणबाईंनी दहाव्यानंतर मला फोन केला होता. पोरीच्या वतीनं माफी मागत होत्या. आणि मी, लाज सोडलेला माणूस, "होतं असं, पोर आहे," म्हणून ती माफी मोठ्या मनानं घेतली होती.

संध्याकाळी, तिकडची सकाळ झाल्यावर, फोन लावला. सगळं सांगितलं, ओव्यासकट. पलीकडं कुकरची शिट्टी झाली. मी म्हणालो, "विहीणबाई, शिव्या द्या."

"शिव्या कसल्या देऊ, भाऊ," त्या म्हणाल्या. "मी तिला फोनवर रोज बोलले, की तू सासूला मारलंस. रोज. पोरीनं एकदाही तुमचं नाव नाही घेतलं हो."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. आता मेहुण्याला लावायचा होता.