सगळ्यांचं उत्तर ‘अ’

“या दोघींनी कॉपी केली, मॅडम. पायलची फी-माफी आजपासून बंद!” सरांनी दोन उत्तरपत्रिका माझ्या टेबलावर आपटल्या.

सर म्हणजे आमच्या प्रताप नगरातल्या कोचिंग क्लासचे मालक. मी तिथे गणित शिकवते, सराव परीक्षेचे पेपरही काढते. पायल कामठीहून येणारी हुशार मुलगी. फी माफ होती म्हणूनच तिला क्लास परवडत होता.

दोघींची एकाच प्रश्नात सारखीच चूक होती. तो प्रश्न माझाच होता. एक्सच्या आठव्या घाताचं वर्गमूळ काढा आणि त्याला एक्सने भागा. एक्स शून्याहून मोठा. वर्गमूळ काढलं की घातांक निम्मा होतो, आठाचे चार. एक्सने भागलं की एक कमी. उरला एक्सचा तिसरा घात, पर्याय ‘क’. पायल आणि तिच्या बाकावरच्या मुलीने मात्र ‘अ’ मारला होता. म्हणजे नुसता एक्स. चारही पर्याय एक्सचेच वेगवेगळे घात होते.

मला काही चैन पडेना. याहून अवघड गणितं तोंडी करणारी पोट्टी इथे कशी घसरली? मी बाकीचा गठ्ठा ओढला. पुढच्या पोराचा ‘अ’. त्याच्या पुढच्याचाही. अगं बाई! दुसऱ्या खोलीतल्यांचाही बहुतेक ‘अ’च.

“सर, भिंतीपलीकडून कॉपी केली म्हणता का?”

“मंग तुमचा प्रश्नच चुकला असंल.”

मी तो पुन्हा सोडवला. बरोबर होता. शेवटी पायललाच बोलावलं. आली तीच रडवेली.

“काहून वं पायल, ‘अ’ काहून?”

“शॉर्टकट लावला, मॅडम. एक्सच्या जागी एक टाकला. उत्तर एक आलं. ‘अ’मधी टाकला, तरी एकच आलं. पहिला पर्याय जुळला का टिक मारायची अन् पुढं जायचं.”

“आणि बाकीचे पर्याय?”

“ते पाहण्यात टाइम जाते म्हणते ना.”

एकाचा कितवाही घात काढा, उत्तर एकच. चारही पर्याय जुळत होते! मला हसू आवरेना. “कोण म्हणतं असं?”

 पायल हळूच म्हणाली, “सरच. शॉर्टकटच्या तासाले.”

सरांनी घसा खाकरला. “जा, वर्गात बस. फी-माफी चालू हाय तुझी.”

ती पळालीच. मला फार बरं वाटलं. सर लगेच म्हणाले, “आता पोरायले एकाऐवजी दोन टाकाले सांगतो.”

“दोन टाकला तर एक्सचा वर्गही चार अन् दोन एक्सही चारच. पुढच्या पेपरात ठेवू का दोन्ही पर्याय?”

“काहून जीव खाता, मॅडम? मंग करायचं तरी काय पोरायनं?”

“चारही पर्याय पाहायचे, सर. तुम्हीही दोनच पेपर पाहिले, जुळले, अन् पायलच्या नावावर टिक मारून मोकळे झालात.”