ऑनेस्टीचा तक्ता आणि गणपाकाकांचा खोकला

मी इंग्रजीचा मास्तर आहे आणि मागच्या उन्हाळ्यात मी दीड महिना एका मेलेल्या माणसाच्या आवाजात बोलत होतो.

माझ्या शिकवण्या घरातच, पुढच्या सोप्यात चालत. भिंतीवर मी स्वतः रंगवलेला तक्ता होता. ऑनेस्ट विशेषण, ऑनेस्टी नाम, ऑनेस्टली क्रियाविशेषण. खाली काइंड, काइंडनेस, काइंडली. आणि तक्त्याच्या खाली आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची खाट. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस, पण नुकताच हृदयाचा झटका येऊन गेलेला. दिवसभर पडल्या पडल्या ऐकून मुलांच्या आधी त्यांचाच तक्ता पाठ झाला. (मुलांचा अजून व्हायचाय!)

एप्रिलमध्ये गणपाकाका गेले. शेजारच्या गावचे, आबांचे पलटणीतले जिवलग. डॉक्टरांनी बजावले होते की धक्का बसेल असे काही आबांच्या कानावर घालू नका. माझी बायको सुनंदा म्हणाली, कधीतरी सांगावेच लागेल. मी म्हणालो, आत्ता नको. मी गुपचूप मातीला जाऊन आलो, रिवाजाप्रमाणे अंगणातच डोक्यावरून आंघोळ केली आणि निथळत आत गेलो. आबांनी विचारले, हे काय? मी सांगितले, चिखलात घसरलो. आबा "बरं" म्हणाले आणि कुशीवर वळले.

आठवड्याने ते विचारू लागले, गणपाचा फोन कसा नाही? काळजीनेच यांना काही व्हायचे, या भीतीने मी गोठ्यात गेलो, सुनंदाच्या मोबाइलवरून (तो नंबर आबांकडे नव्हता) आबांना फोन लावला, तोंडावर टॉवेल धरला आणि गणपाकाकांसारखा खोकलो. तो खोकला अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक होता. आबा लगेच बोलायला लागले. लाज वाटते सांगायला, पण मला त्या वेळी अभिमान वाटला.

मग रोज संध्याकाळी फोन. आबा विचारत, बर्फातल्या चौकीवरच्या आपल्या खेचराचे नाव काय होते? मी 'राजा' ठोकून दिले. एकदा मागे शेळी ओरडली, तर गणपाकाकांनी शेळी घेतली असे सांगावे लागले. दुसऱ्या दिवशी आबांनी ती दूध किती देते ते विचारले! इकडे सकाळी मी मुलांना ऑनेस्टीची वाक्ये घालायचो आणि आबा खाटेवरून माझ्याकडे टक लावून बघायचे. शेवटी मी तक्ता काढायला गेलो, तर म्हणाले, राहू दे, माझे पाठांतर चाललेय.

एका संध्याकाळी ते फोनवर हळू आवाजात म्हणाले, "गणपा, पोरगं गुणाचं हाय. पर माझ्यापाशी बसत न्हाई रं. औषध देतं आन् जातं."

मी शेणात उभा. खोकायचेही सुचेना. माझ्याच आवाजात कसाबसा "बसंल" म्हणालो आणि फोन बंद केला.

घरात गेलो तर आबा उठून बसले होते.

"माणासारख्या दुष्काळी मुलखात, एप्रिलात, चिखल व्हय रं?" ते म्हणाले. "टँकर चार दिसाला येतोय. तू अंगणात दोन बादल्या डोक्यावर ओतल्यास, तवाच कळलं मला गणपा गेला. आन् खेचराचं नाव राणी हुतं."

मी विचारले, मग इतके दिवस बोलला का नाहीत?

"तू माझ्याशी एवढं कवा बोलला हुतास?"

आता मला त्यांचे ते कुशीवर वळणे कळले. ज्या दिवशी मित्र गेला, त्या दिवशी आबा भिंतीकडे तोंड करून एकटेच रडले होते. मी त्यांचे काळीज जपायला निघालो होतो आणि त्यांना मोकळेपणाने रडूही दिले नव्हते. ते मला अजून टोचते.

"आता फोन नगं," आबा म्हणाले. "हितं बसत जा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसलो. समोर आबा, वर तक्ता. पंचवीस वर्षे लोकांच्या पोरांना बोलायला शिकवणारा मी, मला बापाशी बोलायला एक वाक्य सापडेना. पंखा फिरत होता, आबा वाट बघत होते. शेवटी नाइलाजाने मी गणपाकाकांसारखा खोकलो, तेव्हा कुठे आम्ही बोलायला लागलो.