आठ हजारांची दांडी

मागच्या महिन्यात तुमच्या बाबांनी नवीन स्पीकर लावले त्याचा व्हिडिओ तुम्ही मला पाठवलात. सोफ्याच्या मधोमध एक छोटा माईक ठेवला, यंत्राने पाच-सहा वेळा चित्रविचित्र आवाज काढले आणि खोली आपली आपणच मोजून सगळं जुळवून टाकलं. तुम्हाला त्याचं फार काही वाटलं नाही. मी मात्र तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. हेच काम सिल्वासाला आमच्या बैठकीच्या खोलीत दोन माणसं हाताने आणि कानाने करत असत, तुमचे आजोबा आणि मी. त्या कामात एका शनिवारी जे घडलं ते तुमच्या आईला अर्धंच माहीत आहे. म्हणून सगळं लिहिते.

नव्वदीच्या दशकाचा मध्य होता. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. आजोबा सामरवरणीच्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात होते, तिथे अँप्लिफायर आणि इक्वलायझर बनत. तयार झालेला प्रत्येक सेट खोक्यात जाण्याआधी त्यांच्या टेबलावर यायचा. ते हेडफोन चढवायचे, डोळे मिटायचे, दोन मिनिटं ऐकायचे आणि कार्डावर सही करायचे. सही नसेल तर सेट परत जोडणीच्या ओळीवर. कारखान्यात त्यांना 'कानवाले साहेब' म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. त्यांच्या खोलीच्या भिंतीपलीकडे पत्र्याच्या पेट्या ठोकायचं मशीन दिवसभर चालायचं, त्याची मात्र त्यांनी कधी तक्रार केली नाही.

त्या वर्षी कारखान्याच्या शेठनी घरगुती थिएटरचा सेट काढला. पाच स्पीकर, एक अँप्लिफायर, एक इक्वलायझर. दुकानात तो छान वाजायचा आणि गिऱ्हाइकाच्या घरी गेला की घुमायचा. हाणामारीचा प्रसंग आला की खिडक्या थरथरायच्या आणि माणसं काय बोलतात ते कळायचं नाही. आजोबांचं म्हणणं, दोष सेटचा नाही, खोलीचा आहे. सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब, खाली मोझॅक, असल्या खोलीत काही स्वर फुगतात, काही दबतात. इक्वलायझरने फुगलेले खाली ओढायचे, दबलेले वर करायचे, की खोली सुधारते.

"मग साहेब, डीलर लोकांना तुमच्याच घरात ऐकवू," शेठ म्हणाले. "माझ्या बंगल्यात सगळं संगमरवर. तुमची खोली सगळ्यांच्या खोलीसारखी."

तसं ठरलं. इक्वलायझर आमच्याकडे पाच वर्षांपासून होताच, गाण्यांसाठी. एका काळ्या पेटीवर दहा उभ्या खाचा, प्रत्येकीत एक सरकती दांडी. डावीकडची सगळ्यात जाड आवाजाची, उजवीकडे जावं तसे आवाज बारीक. शेवटून दुसरी दांडी आठ हजारांची, म्हणजे सेकंदाला आठ हजार कंपनांच्या स्वराची, शेवटची सोळा हजारांची. स, श हे उच्चार, झांज, काचेचा खणखणाट, हे सगळं त्या टोकाला.

आमची पद्धत अशी होती. आजोबा खोलीच्या मधोमध लाकडी खुर्चीवर डोळे मिटून बसायचे. मी पेटीसमोर स्टुलावर. एका कॅसेटमधून पाऊस पडल्यासारखा सलग आवाज सुरू करायचा आणि ते सांगतील ती दांडी मी हलवायची. डोळे मिटायचे कारण, दांडी वर गेलेली दिसली की कान उगाचच 'वाढलं' म्हणतो. हे त्यांचं वाक्य. जाड स्वरांसाठी ते कारखान्यातला मीटर आणायचे आणि त्याचं ऐकायचे. बारीक स्वरांसाठी नाही. "तिथे मीटरला काय कळतंय? तिथे कान लागतो."

शेवटी जे जुळायचं ते मी एका वहीत तक्ता आखून लिहायची. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत पेटी हलायची, दांड्या सरकायच्या, आणि आम्ही पुन्हा सगळं लावायचो.

यावेळी तीन आठवडे लागले. एकशे पंचवीसची दांडी पार खाली नेली, कोपऱ्यात गादी गुंडाळून उभी केली, शोकेसच्या काचेवर गोधडी टाकली. घुमणं गेलं. पडद्यावरची माणसं बोलताना समोर बसल्यासारखी वाटू लागली. आजोबा खुशीत होते.

शेवटच्या आठवड्यात, सोमवारी, सुरतेहून दोन सेट परत आले. शेठ कारखान्यातून थेट आमच्याकडे आले, चप्पल दारात काढून उभेच राहिले.

"साहेब, डीलर बोलतो सेटमध्ये 'सूं' येतो. लावला की मागे सूं, सूं."

"त्याच्या वायरिंगचा दोष असेल. माझ्या सहीचा सेट आहे."

"सही तुमची, म्हणून तर तुम्हाला विचारतो. गेल्या महिन्यात पण दोन आले होते, मी बोललो नाही." शेठनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "शनिवारी अकराला तिघे येतात. त्यांच्यासमोर तुम्ही रूम लावा, डोळे मिटून, जशी लावता तशी. एकदा त्यांनी बघितलं की तोंड बंद. नाही जमलं तर मला कानाचा भरवसा सोडावा लागेल साहेब. दुसरी व्यवस्था करावी लागेल."

"जमेल," आजोबा म्हणाले. शेठ गेल्यावर त्यांनी चहा अर्धा ठेवला.

बुधवारी तुमची आई क्लासहून आली, तेव्हा आमचं काम चालू होतं. तिने दारातच दोन्ही कानांवर हात ठेवले.

"आई, कानात सुई घातल्यासारखं होतंय. कसं बसता तुम्ही इथे?"

"कॅसेटच्या दुकानातली गाणी ऐकून कान बिघडलेत तुझे," आजोबा डोळे न उघडता म्हणाले. "स्वच्छ आवाज टोचणारच."

"बाबा, हा स्वच्छ नाही, हा किंचाळतोय."

ती आत गेली. टोचत मलाही होतं, थोडं. मी समजत होते की मला यातलं कळत नाही. त्या संध्याकाळी आकडे उतरवताना मी वहीची मागची पानं उलटली. पहिल्या दिवाळीला आठ हजारांची दांडी मधल्या रेषेवर होती. दुसऱ्या वर्षी दोन घरं वर. मग चार. मग सात. आता ती टोकाला टेकायला आली होती. मी एक एक कारण शोधत बसले. पडदे तेच होते. भिंती त्याच, फरशी तीच, स्पीकर सोडले तर सामान तेच, आणि स्पीकर तर याच वर्षी बदलले होते, दांडी त्याआधीपासून चढत होती. खोली पाच वर्षं तीच होती. खोलीत बदललेलं असं एकच काही होतं, आणि ते खुर्चीवर डोळे मिटून बसत होतं.

गुरुवारी ते पुन्हा बसले. कॅसेट सुरू झाली. मी न सांगता आठ हजारांची दांडी हळूहळू खाली आणली. पावसाचा आवाज जणू कांबळ्याखाली गेला. मला इतकं स्पष्ट ऐकू येत होतं की ते आता डोळे उघडून ओरडतील असं वाटलं.

"हं," ते म्हणाले. "चारशे जरा कमी कर. चार हजार नाही, चारशे."

चारशेची दांडी आमच्या पेटीवर नव्हती, पाचशेची होती. त्यांच्याच चुकीवर ते हसले आणि म्हणाले, "पाचशे, पाचशे." मी पाचशेची कमी केली. मग आठ हजारांची तळापासून टोकापर्यंत नेली, एका दमात. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"आता बघ," ते म्हणाले, "शनिवारी कोणी बोट ठेवून दाखवू दे."

शुक्रवारी मी दोन वेळा बोलायला गेले. सकाळी ते दाढी करत होते.

"अहो, वापीला एक कानाचे डॉक्टर आहेत म्हणे. एकदा जाऊन येऊ या का?"

"तुझा कान दुखतोय?"

"नाही, तुम्ही दिवसभर हेडफोन लावता म्हणून."

आरशातूनच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "या कानांवर हे घर चालतं. आणि डीलर यायच्या आदल्या दिवशी तू मला डॉक्टरकडे पाठवतेस. छान."  रात्री जेवताना तुमची आई होती. मी मनाशी म्हटलं, शनिवार जाऊ दे. हेच माझं चुकलं.

शनिवारी तिघे डीलर आले. दोघे तरुण, आणि सुरतेचा एक म्हातारा, पांढऱ्या सफारीत. शेठनी त्यांना सोफ्यावर बसवलं. सोफ्यावर जागा पुरेना म्हणून म्हातारा माझ्या स्टुलाशेजारच्या खुर्चीत बसला, तिथून त्याला पेटी दिसत होती. मी आधीच सगळ्या दांड्या मधल्या रेषेवर आणून ठेवल्या होत्या, म्हणजे पहिल्यापासून लावून दाखवता येईल.

आजोबांनी डोळे मिटले. जाड स्वरांचं काम सुरेख झालं. एकशे पंचवीस खाली गेली आणि खिडकीच्या काचा गप्प झाल्या, तेव्हा तरुणांपैकी एकाने "वाह" म्हटलं. शेठ पाय हलवत होते ते थांबले.

"आता आठ हजार," आजोबा म्हणाले. "दोन वर."

मी एक वर केली.

"अजून. अजून दोन."

मी ती तिथेच ठेवली.

"अजून वर."

माझा हात दांडीवर होता आणि मी तो हलवला नाही. वर केली असती तर तिघांनी कान झाकले असते. मी एक घर उलटी खाली आणली.

"बस," आजोबा म्हणाले. "इथे."

"भाभी," शेजारचा म्हातारा सहज म्हणाला, "साहेबने तो ऊपर बोला. आपने नीचे किया."

कॅसेट चालू होती. शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "वरच केली मी." इंग्रजीच्या तासाला मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगणारी बाई मी, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

आजोबांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे नाही पाहिलं, पेटीकडे पाहिलं. दांडी मधल्या रेषेवर होती. त्यांनी ती पाहिली, मग माझा हात, मग पुन्हा दांडी. एक माणूस मनातल्या मनात किती गोष्टी एकत्र जोडू शकतो ते मी तेव्हा पाहिलं.

"तुम्हाला कसं वाटतंय?" त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं.

"मस्त. हमारे सेट में ऊपर का बहुत चुभता है, ये नहीं चुभता."

"मग बरोबर आहे," आजोबा म्हणाले. "हेच ठेवायचं."

चहा झाला, चिवडा झाला. शेठनी जाताना दोन्ही हातांनी आजोबांचा हात धरला. जीपचा आवाज रस्त्याला लागेपर्यंत आजोबा दारात उभे होते. मग आत येऊन त्याच खुर्चीत बसले.

"लाव कॅसेट. या वेळी डोळे उघडे ठेवतो. आठ हजारची वरपासून खालपर्यंत ने."

मी नेली. त्यांनी नुसतं पाहिलं.

"पुन्हा."

पुन्हा नेली.

"आत्ता काय बदललं?"

"सगळंच बदललं," मी म्हटलं.

त्यांनी उठून कॅसेट बंद केली. मग म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"गुरुवारी."

"गुरुवार. शुक्रवार." त्यांनी बोटांवर मोजलं. "दोन दिवस होते तुझ्याकडे. मला घरात सांगता आलं असतं. तू मला चार माणसांत बसवून माझा कान चालवलास."

"तुमची नोकरी जाईल म्हणून..."

"ते कळलं मला. नोकरी वाचवलीस. मला विचारलं नाहीस."

 रविवारी आम्ही मीठ-पाण्यापुरतं बोललो.

सोमवारी ते कारखान्यात गेले ते सरळ शेठच्या खोलीत. दुपारी जेवायला आले आणि पानावर बसून सांगितलं. शेठ म्हणाले होते, "अरे साहेब, डीलर खूश आहेत, माल घेतायत. कशाला बोलता? कोणाला माहीत आहे? मॅडमला, तुम्हाला आणि आता मला." त्यावर आजोबा म्हणाले होते, सुरतेहून परत आलेल्या सेटांवर सही माझी आहे, आणि त्यातला 'सूं' मला अजूनही ऐकू येत नाही. यापुढे मी सही करणार नाही.

त्यांचं टेबल सोल्डरिंगच्या ओळीवरच्या, धुळ्याकडच्या एका बाईंकडे गेलं. आजोबांनीच त्यांना बसवलं, आठ दिवस शिकवलं. स्वतः स्टोअरला गेले, ट्रान्सफॉर्मर आणि तांब्याच्या तारेची रिळं बघायला. 'कानवाले साहेब' म्हणणं कारखान्यात हळूहळू बंद झालं. पगार तोच राहिला, पण संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा आज काय काय ऐकलं ते सांगायचे नाहीत.

तुमच्या आईला एवढंच माहीत आहे, की बाबांचा कान गेला म्हणून त्यांची बदली झाली. दांडीवरचा माझा हात तिला माहीत नाही.

पंधरा-वीस दिवसांनी त्यांनीच वापीच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मला सांगितलं नाही, फक्त निघताना म्हणाले, "येतेस?" एसटी भरलेली होती. दोघांना मिळून एक बाक मिळाला तेव्हा मी खिडकीशी, त्यांच्या डाव्या बाजूला सरकले. ते उभेच राहिले.

"तिकडे नको," ते म्हणाले. "उजवीकडे बस. त्या कानाने तुझं बोलणं नीट ऐकू येतं."

मी उठले, ते खिडकीशी बसले आणि मी त्यांच्या उजवीकडे.